उंबराच्या झऱ्यावर

“निळा कॅन कोणाचा आहे? केव्हाचा भरून वाहतोय.”

मी फोनवर होते. पलीकडे तोताराम नावाचा शेतकरी आपल्या म्हशीचं पोट किती फुगलंय ते सांगत होता, म्हणून मी नुसता हात वर केला — माझा.

“काढू?”

मी मान हलवली. त्याने कॅन उचलला, झाकण घट्ट लावलं आणि उंबराच्या सावलीत नेऊन ठेवला. इथवर माणूस बरा वाटला. पण मग त्याने रांगेतला माझाच दुसरा कॅन ओलांडला आणि पाइपाखाली स्वतःचा लावला.

“तिला बसू देऊ नका, उभीच ठेवा. मी आलेच,” असं तोताराम भाऊंना सांगून मी फोन ठेवला. “अहो, तो पिवळा कॅनही माझाच आहे. तुमच्या आधीचा.”

“एका माणसाला एकच नंबर असतो, मॅडम.”

“इथे माणसांना नंबर नाहीतच. माणसं सावलीत बसलीत, रांगेत कॅन उभे आहेत.”

हंडे घेऊन बसलेल्या दोघी-तिघी बाया तोंडाला पदर लावून हसल्या. तोही हसला. उंच, उन्हाने रापलेला, बोटांच्या नखांत माती... आणि हसताना डावा डोळा जरासा जास्त बारीक होणारा. त्याने आपला कॅन काढला, माझा पिवळा लावला.

“म्हशीला काय झालंय?”

“पोट फुगलंय.”

“मग तुम्ही निघा. कॅन मी पोचवतो.”

“पत्ता माहीत आहे का?”

“सुगंधाबाईंकडे ढोरांच्या दवाखान्यातल्या नव्या डॉक्टर राहतात, हे पहूरमध्ये कोणाला माहीत नाही?”

मी स्कूटीची किल्ली फिरवली. मग राहवलं नाही. “म्हणजे मी कोण हे माहीत होतं, तरी रांग मोडलीत?”

“माहीत होतं म्हणूनच मोडली,” तो म्हणाला. “नाहीतर तुम्ही बोलला असता का?”

याला उत्तर द्यायला वेळ नव्हता. म्हैस वाट बघत होती.

संध्याकाळी परत आले तर दोन्ही कॅन माझ्या दाराशी होते, पुसून कोरडे केलेले. आणि पिवळ्या कॅनवर भरिताची दोन मोठी हिरवी वांगी.

मी वृषाली सुरवाडे. घर जळगावला, पिंप्राळ्यात, नोकरी पहूरजवळ. आठवडाभर सुगंधाबाईंच्या वरच्या खोलीत राहायचं आणि शनिवारी घरी जायचं, असं माझं चाललं होतं. खोली छान होती, पण बोअरचं पाणी असं खारट, की तुरीची डाळ कितीही शिजवा, एक दाणा दुसऱ्याला ओळख देत नसे. सुगंधाबाईंनीच मला झरा दाखवला. पहूरहून डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला उंबराचं जुनं झाड आहे. त्याच्या मुळांशी काळ्या खडकाच्या भेगेतून बोटभर जाडीची धार येते. कोणीतरी तिला लोखंडी पाइपाचा तुकडा बसवून दिलाय. गाववाले येतात, शेतावर जाणारे येतात, जळगावच्या गाड्यासुद्धा थांबून कॅन भरून नेतात. त्या पाण्याचा चहा पप्पांना इतका आवडला, की शनिवारी मी रिकाम्या हाताने घरी गेले तरी चालायचं, रिकाम्या कॅनने नाही.

वांग्यांचा मालक मला पुढच्या वेळी झऱ्यावरच भेटला. योगेंद्र त्याचं नाव. रस्त्याला लागूनच त्याची रोपवाटिका होती — मिरची, वांगी, पपई.

“भरीत झालं का?”

“झालं. पण गॅसवर भाजलं.”

त्याने असा चेहरा केला, जसं काही मी गुन्हा कबूल केलाय. “कपाशीच्या काड्यांवर भाजायची असतात ती. या रविवारी शेतात या, खाऊ घालतो.”

“रविवारी मी घरी असते.”

“मग शुक्रवारी.”

“शुक्रवारी लसीकरण आहे.”

“बरं... मग वांगी थांबतील. तुम्ही सांगाल तेव्हा.”

मी सांगितलं, लवकरच सांगितलं. थंडी पडली होती. शेताच्या बांधावर काड्यांचा जाळ, वांग्यांची काळी पडत जाणारी सालं, हिरव्या मिरचीचा ठसका, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. सुगंधाबाई सोबत होत्या आणि सगळा वेळ त्याच बोलत होत्या. योगेंद्र मला वाढत होता. धूर माझ्याकडे वळला, की तो काही न बोलता उठून काड्या दुसऱ्या बाजूला सरकवायचा. एवढंच. पण तेवढ्याने मला भाकरीची चव कळेनाशी झाली.

मग झऱ्यावरचा आमचा दिवस ठरल्यासारखा झाला. ठरवला कोणीच नव्हता. मी पोचायचे तेव्हा त्याची मोटरसायकल उंबराखाली असायची, आणि तो पुढच्या माणसाला “तुम्ही भरा, मला घाई नाही” असं म्हणत असायचा. धार बारीक असल्याचा राग येणं मी कधी सोडून दिलं, माझं मलाच समजलं नाही.

माघात एका सकाळी त्याचा फोन आला. “डॉक्टर, आमची गाय चारा खात नाही.”

मी बॅग घेऊन त्याच्या घरी गेले. गोठ्यात गाय तोंडभर कडबा चघळत माझ्याकडे बघत होती.

“हिला काय झालंय?”

“सकाळी... जरा उदास वाटली.”

“आणि आता?”

“तुम्ही आलात, बरी झाली.”

मी गायीला तपासलं, तिच्या कानामागे खाजवलं. “गाय ठणठणीत आहे. आजारी दुसरंच कोणीतरी दिसतंय.”

तो लाल झाला. खरंच झाला, कानांपर्यंत. ओट्यावर बसलेले त्याचे वडील, झुलाल आबा, खाकरले आणि दुसरीकडे बघायला लागले. तेवढ्यात त्याची माय बाहेर आली. ताईबाई. ठसठशीत कुंकू, हातभर बांगड्या. माहेर साक्रीकडचं, त्यामुळे बोलणं सगळं अहिराणी.

“बस वं माय. उनमा उनी शे. चहा लेस ना?”

उन्हातून आलीस, चहा घेशील ना, असं त्या विचारत होत्या. मी हो म्हटलं. बसले. त्यांनी गायीचं विचारलं, नोकरीचं विचारलं, मग सहज विचारावं तसं — “तुन्हं आडनाव काय शे?”

“सुरवाडे. पिंप्राळ्याचे. मूळ बोदवडकडचे.”

“अस्सं,” त्या म्हणाल्या. आणि आत गेल्या.

चहा आला. आबांना चिनी मातीच्या कपात. योगेंद्रला तसाच. मला मात्र कागदी कपात; कुठल्यातरी कार्यक्रमातून उरलेला असावा, त्यावर गुलाबाची नक्षी होती.

मी कपाकडे पाहिलं. योगेंद्रने कपाकडे पाहिलं. मग त्याने नजर उचलली... आणि गायीकडे वळवली.

मी कप होता तिथेच राहू दिला. “चहा नको मावशी,” मी म्हणाले. “मला निघायला हवं.” आवाज सरळ होता माझा, जराही हलला नाही. स्कूटीवर वारा तोंडावर येत होता, आणि वाटलं होतं तसं डोळ्यांत पाणी आलं नाही. राग आला. ताईबाईंचाही नाही. त्याचा.

दुसऱ्या दिवशी तो झऱ्यावर माझ्या आधी येऊन थांबला होता. मोटरसायकलला टेकलेला नव्हता, उभा होता.

“माय जुन्या वळणाची आहे,” तो म्हणाला. “मनाने वाईट नाही ती. तुम्ही तिचं—”

“मी तिच्याबद्दल बोलतच नाहीये. तू काय केलंस?”

त्याला पहिल्यांदा ‘तू’ म्हटलं, ते असं.

“तो कप तू पाहिलास ना?”

“पाहिला.”

“मग?”

पाइपाची धार कॅनमध्ये पडत होती.

“काही सुचलं नाही,” तो शेवटी म्हणाला.

“एरवी तर तुला सगळं सुचतं. रांग मोडायला सुचतं, गायीला उदास करायला सुचतं.” मी झाकण लावलं. “हे बघ योगेंद्र, माझे पप्पा एसटीत कंडक्टर होते. सगळी हयात त्यांनी सगळ्यांना तिकीट दिलं आणि मान खाली घालून घरी आले नाहीत. मलाही तसंच वाढवलंय. मी झरा सोडणार नाही, झरा सगळ्यांचा आहे. तूही ये, तुझा कॅन भर. पण माझ्याशी बोलू नकोस.”

पुढचे कित्येक दिवस तो यायचा, रांगेत थांबायचा, भरायचा, जायचा. मी सांगितलं होतं तसंच वागत होता, आणि मला त्याचाच राग यायचा. उंबराचं पिकलेलं फळ पाण्यात पडलं तरी मी दचकून वर बघायचे. भरीत केलं, गॅसवर भाजलं, अर्धं टाकून दिलं. शनिवारी घरी गेले की मम्मी विचारायची, “लक्ष कुठंय तुझं?” आणि मी म्हणायचे, “म्हशींकडे.”

मग तो यायचाच बंद झाला.

त्याच्याऐवजी एका सकाळी झुलाल आबा आले. टोपी, धोतर, सायकलला दोन्ही बाजूंना कॅन. त्यांनी कॅन रांगेत ठेवले आणि माझ्याशेजारी दगडावर बसले.

“डॉक्टरबाई, रामराम. पोऱ्याकडे हल्ली रोज सकाळी रोपांच्या गाड्या भरतात, म्हणून मी आलो.” थोडं थांबले. “आमच्या घरी काय चाललंय, कानावर आलं का तुमच्या?”

“नाही आबा.”

“तुम्ही आमच्याकडून गेलात ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी योगेंद्र बाजारातून कागदी कपांची चळत घेऊन आला. म्हणतो, ‘माय, ज्या कपात त्या पोरीला, त्याच कपात मला.’ चहा त्यात, पाणी त्यात. जेवायला पत्रावळ. तीही ओट्यावर बसून. भांडण नाही, आवाज चढवणं नाही. त्याची माय रडली, तर तिचे डोळे पुसले त्यानं. म्हणाला, ‘तुझ्यावर रागावलो नाही मी. त्या दिवशी गप्प बसलो, त्याचं हे चाललंय.’”

माझा कॅन भरून वाहत होता. मी उठले नाही.

“गल्लीत चर्चा. पोराला काही रोग झाला का, म्हणून बाया विचारायला लागल्या. ताईबाई म्हणाली, सांग बाबा यांना काहीतरी. तर त्यानं सांगून टाकलं. म्हणाला, ‘डॉक्टर वृषाली सुरवाडेशी मला लग्न करायचंय. ती हो म्हणाली तर.’”

“असं... सगळ्यांसमोर?”

“भर ओट्यावर.”

“आणि तुम्ही काय म्हणालात, आबा?”

आबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. “मी काय म्हणणार? मीही त्या दिवशी तिथंच बसलो होतो ना. मीपण गप्पच होतो.” ते उठले, माझा वाहणारा कॅन त्यांनीच बाजूला केला. “मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. म्हटलं, एक कप मलापण दे.”

मी त्यांचे दोन्ही कॅन भरून सायकलला लावून दिले. जाताना आबा म्हणाले, “त्याला काही निरोप?”

“म्हणावं, मी बोलायला बंदी केली होती, पाणी भरायला नाही.”

दुसऱ्या दिवशी तो आला. वाळला होता. हातात एकच कॅन, तोही झाकणाशिवाय.

“तुझ्या गल्लीला कळलं,” मी म्हणाले, “आणि मला आबांकडून कळतंय.”

“तू बोलू नकोस म्हणाली होतीस.”

मला हसू आलं. आवरलं, पण त्याने पाहिलं. डावा डोळा बारीक झाला त्याचा.

“हसू नकोस. मी अजून काही म्हणालेले नाही,” मी म्हणाले. “लग्नाचं मी ठरवेन. त्याआधी पिंप्राळ्याला यायचं, पप्पांना भेटायचं. एकटं नाही. मायला घेऊन.”

त्याचा चेहरा उतरला. “ती अजून मला घरच्या कपातच चहा आणते, मी घेत नाही. तुझं नाव काढलं, की उठून आत जाते. येईल की नाही... मला माहीत नाही.”

“मग ती येईल तेव्हाच ये.”

“आणि नाहीच आली तर?”

“योगेंद्र, मी कोणाच्या घरात चोरून शिरणार नाही. आणि तुला तुझ्या घरातून चोरून नेणारही नाही.” हे म्हणताना मात्र माझा आवाज हलला. “मी इथेच आहे. झऱ्यावर.”

होळी गेली. उन्हं चढली, धार होती तेवढीच राहिली. तो रांगेत भेटायचा, बोलायचा. रोपांचं, गायीचं, आबांच्या गुडघ्याचं. मायचं मी विचारायचे नाही, तो सांगायचा नाही. सुगंधाबाई म्हणाल्या, “पोरी, वाट बघून बघून म्हातारी होशील.” मी म्हटलं, “होऊ दे. वाट रस्त्याच्या कडेला बसून बघतेय, लपून नाही.” दिवसा मी असं बोलायचे खरी. पण मनात भीती होतीच, की हे असंच रांगेत उभं राहून संपेल.

एका रविवारी मी पिंप्राळ्याला घरी होते. केस धुतलेले, अंगात जुना पंजाबी ड्रेस. दारात रिक्षा थांबली. आधी आबा उतरले, मग योगेंद्र, मग... हिरव्या लुगड्यातल्या ताईबाई. त्यांनी आमचं घर खालून वर पाहिलं आणि पदर सारखा केला.

पप्पा पुढे झाले. “जयभीम. या.”

“जयभीम,” आबा म्हणाले. मग सवयीने, “रामराम.” मग स्वतःच हसले. “दोन्ही घ्या.”

पप्पा हसले, आणि घरातली हवा थोडी हलली.

सगळे बसले. मम्मीने ट्रेमध्ये भांडी मांडून पाणी आणलं. मम्मीचं नाव लिलाबाई, आणि तिला घरी आलेल्या कोणालाही रिकाम्या पोटी जाऊ देणं ठाऊक नाही. पण त्या दिवशी तिने आधी नुसता पाण्याचा ट्रेच पुढे केला. आबांनी पाणी घेतलं. योगेंद्रने घेतलं. ट्रे ताईबाईंसमोर आला. त्या बघत राहिल्या. मी दाराशी उभी होते.

त्यांनी भांडं उचललं. ओठाला लावून पाणी प्यायल्या, सगळं. भांडं ट्रेमध्ये ठेवलं, आणि मम्मीचा हात धरून तिला शेजारी बसवलं.

मग माझ्याकडे वळल्या. “माय, मन्हा हातथून चूक व्हयनी. लहानपनपासून जे दखं, तेच करं. हाऊ पोऱ्या ओट्यावर बसना, तवय माले समजनं. घर मन्हं, आनि मन्हाच पोऱ्या पाव्हना.” मम्मीचा हात त्यांनी अजून सोडला नव्हता. “तू मन्हावर राग धरू नको.”

“राग अजिबात नाही, असं खोटं बोलणार नाही मावशी,” मी म्हणाले. “पण तुम्ही स्वतः आलात. मी वाटच बघत होते.”

त्यांनी मान हलवली. बहुतेक त्यांना ते उत्तर आवडलं. गोड बोलणाऱ्यांवर त्यांचा तसाही विश्वास नाही, हे मला पुढे कळलं.

पप्पांनी घसा साफ केला. “योगेंद्र, मला एकच विचारायचंय. उद्या तुझ्या गल्लीत, तुझ्या भावकीत कोणी हिला काही बोललं, तर तू काय करशील?”

योगेंद्र मायकडे बघू शकला असता, आबांकडेही. त्याने पप्पांकडेच पाहिलं. “एकदा मी गायीकडे पाहिलं होतं, काका. ते तिने तुम्हाला सांगितलं असेल.”

“सांगितलंय.”

“परत तसं होणार नाही.”

पप्पा मम्मीकडे वळले, “लिला, शेवभाजी करतेस का? सगळे जेवूनच जातील.”

मम्मी उठली. ताईबाई तिच्यामागे उठल्या, “मी कांदा चिरस,” म्हणत. स्वयंपाकघरातून दोघींचे आवाज यायला लागले. एक आवाज मराठी, एक अहिराणी, आणि मधेच विळीचा.

मी गॅलरीत आले. मागून योगेंद्र आला. रस्त्यावरून स्कूटर जात होत्या, समोरच्या अंगणात कुरडया वाळत होत्या. तो कठड्याला हात टेकून उभा राहिला, माझ्यापासून वीतभर दूर.

“आता ठरलं ना?” त्याने हळूच विचारलं.

“कुठे? तू गल्लीला सांगितलंस. मायला सांगितलंस, आबांना सांगितलंस, आता पप्पांनाही. मला अजून कोणी काही सांगितलेलं नाही.”

“आत्ता... इथे?”

“मग कुठे?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. कान लाल. प्रमाण मराठीत काही जुळवायचा प्रयत्न केला. मग तो थेट त्याच्या घरच्या बोलीत उतरला.

“तू माले आवडस,” तो म्हणाला. “भलती आवडस.”

“परत सांग.”

“तू माले आवडस, वृषाली.”

आतून फोडणीचा वास आला. कोणीतरी आमची नावं घेतल्यासारखं वाटलं, आणि मग आतले आवाज एकदम बंद झाले — आमचंच ऐकत असणार सगळे.

“तू बी माले आवडस,” मी म्हणाले; त्यांनाही ऐकू जाईल इतक्या आवाजात.

मग मी त्याचा हात धरला, आणि तसाच धरून त्याला आत घेऊन गेले.